निवडीचे स्वातंत्र्य आणि प्रक्षेपणाचा मक्ता : वऱ्हाडच्या दृष्टीने एक परीक्षण

सशुल्क वाहिन्यांचे दर ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३० ऑक्टोबर २०१८ रोजी दिला. कार्यक्रम हा स्वामित्वहक्काचा विषय आहे, सबब त्याच्या किमतीत दूरसंचार नियामक प्राधिकरणास हात घालता येणार नाही, हा स्टार इंडियाचा युक्तिवाद न्यायालयाने अमान्य केला आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धती अमलात आली. ज्याला जी वाहिनी हवी तिचेच पैसे त्याने द्यावेत, हे तिचे तत्त्व. ग्राहकाचा विजय म्हणून या पद्धतीचे पुष्कळ स्वागत झाले. हा विजय नेमका कशावरचा, याचा विचार मात्र फारसा झालेला आढळत नाही.

अमरावती आणि अकोला ही शहरे केबलच्या अंकीकरणाच्या तिसऱ्या टप्प्यात येत होती. त्या टप्प्याची मुदत प्रथम ३० सप्टेंबर २०१४ ही होती. ती लांबत ३१ जानेवारी २०१७ पर्यंत गेली. तोवर गल्लीतील केबलवाला सांगेल तो दर आणि दाखवील त्या वाहिन्या, असा व्यवहार होता. घरोघरी सेट-टॉप बॉक्स आल्यावर प्रत्येक वाहिनीची किंमत वेगळी दिसू लागली, आणि केबल न परवडल्यास छपरावर डिश बसविण्याची मुभा तर आधीपासूनच होती. म्हणजे वरवर पाहता स्पर्धा आली. परंतु केबल घ्या वा डिश घ्या, वाहिन्या त्याच आणि वाहिनी-मालकाने ठरविलेली त्यांची कमाल किंमतही तीच. २००४ च्या नियमाने प्रत्येक वाहिनी-मालकावर आपली वाहिनी मागेल त्या वितरकास भेदभाव न करता देण्याचे बंधन घातले. एका वितरकाला वाहिनी देऊन दुसऱ्याला अडविण्याची वाट त्यामुळे बंद झाली, आणि हे इष्टच झाले. पण बाजार समितीच्या आवारात अडते दहा असले आणि गाठी सगळ्या एकाच जिनिंगच्या असल्या, तर त्या दहांच्या चढाओढीने कापसाचा भाव किती हलणार? एकाधिकार कापूस खरेदी योजनेचा अनुभव घेतलेल्या वऱ्हाडाला हे उदाहरण विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. तेथे खरीददार एक होता, येथे विक्रेता एक आहे, एवढाच भेद.

नव्या पद्धतीची खरी परीक्षा ‘पॅक’च्या तरतुदींत होती. सुटी वाहिनी महाग आणि संच स्वस्त ठेवला की निवडीचे स्वातंत्र्य कागदावर राहते. संचावरील सवलत १५ टक्क्यांहून अधिक नसावी, ही मूळची अट मद्रास उच्च न्यायालयाने २०१८ साली रद्द ठरविली आणि ती अमलात आलीच नाही. पुढे १ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने संचात घालावयाच्या वाहिनीची कमाल किंमत १९ रुपयांवरून १२ रुपयांवर आणली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा १९ झाली आणि सवलतीची मर्यादा ४५ टक्के ठरली. प्रारंभी एकही सशुल्क वाहिनी न घेणाऱ्या घरालाही जोडणीपोटी १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे, मोजावे लागत. या मर्यादा वाहिनीच्या किमतीला होत्या. वाहिनीवर जे दाखवावयाचे त्याचे हक्क कोणाकडे एकवटतात, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण अमरावतीला परके नाही. १९१४ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, आणि त्यांत कबड्डी होती. कोणाच्याही मालकीचा नसलेला, मातीत आखलेल्या रेषांवर चालणारा हा खेळ २०१४ साली प्रो कबड्डी लीगच्या रूपाने पडद्यावर आला. पुढल्याच वर्षी ही लीग चालविणाऱ्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीत स्टार इंडियाने ७४ टक्के भाग घेतला. आणि २०२१ साली प्रक्षेपणाच्या हक्कांचा लिलाव झाला तेव्हा पाच हंगामांचे हक्क सुमारे ९०८ कोटी रुपयांना स्टारकडेच राहिले. विकणारा आणि घेणारा यांत अंतर किती उरले? बेकायदेशीर असे यात काही नाही. या लीगमुळे खेळाडूंना पैसा व नाव मिळाले, हेही नाकारता येणार नाही. पण वितरकांच्या स्पर्धेने या सामन्याचे मोल ठरते असे मानणाऱ्या उपपत्तीला येथे आधार सापडत नाही.

सार्वजनिक प्रसारणाचा आडोसाही पुरेसा ठरलेला नाही. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शनला देणे २००७ च्या कायद्याने बंधनकारक केले. परंतु ते दूरदर्शनने केवळ स्वतःच्या भूप्रसारणावर व फ्री डिशवर दाखवावे, केबलवर नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. परिणामी फ्री डिश असलेल्या घरात दूरदर्शनवर सामना दिसतो, तर शेजारी दरमहा केबलचे पैसे भरणाऱ्याला त्याच दूरदर्शनवर तो दिसत नाही. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे १९९५ साली याच न्यायालयाने क्रिकेटच्याच प्रकरणात म्हटले होते. तो विचार या घरापर्यंत पोचता पोचता बराच क्षीण झालेला दिसतो.

क्रिकेटमध्ये एकदाच खरी चढाओढ दिसली. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलसाठी २०२२ च्या लिलावात दूरचित्रवाणीचे भारतातील हक्क स्टारने २३,५७५ कोटी रुपयांना घेतले आणि आंतरजालावरील हक्क वायाकॉम१८ने त्याहून किंचित अधिक, २३,७५८ कोटींना. एक बाजू पैसे घेऊन दाखवीत होती, दुसरीने फुकट दाखविले. दोन हंगाम ग्राहकाला या भांडणाचा लाभ झाला. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी दोन्ही एका घरात आल्या. स्पर्धा आयोगाने काही अटी घालून या विलीनीकरणास संमती दिली होती. त्या अटींत जाहिरातदाराची चिंता ठळक दिसते, वर्गणीदाराची तेवढी दिसत नाही. मराठी मनोरंजनाच्या प्रमुख वाहिन्यांपैकी स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या त्यामुळे एकाच मालकाच्या झाल्या. मराठी चित्रपटाचे दूरचित्रवाणी-हक्क घेऊन निर्माता जेव्हा बाजारात जाईल, तेव्हा त्याला ठोठावण्यासाठी पूर्वीपेक्षा एक दार कमी आहे. आणि २०२७ नंतरच्या क्रिकेटच्या हक्कांचा लिलाव पुकारला जाईल तेव्हा २०२२ मधील दोन प्रतिस्पर्धी एकाच खुर्चीवर बसलेले असतील.