व्हाशार्योव्हा, मागदा

(२६ ऑगस्ट १९४८– ). स्लोव्हाक रंगभूमी व चित्रपट यांतील ख्यातनाम अभिनेत्री आणि राजनीतिज्ञ. जन्म बान्स्का श्त्यावनित्सा या जुन्या खाणनगरात. अभिनेत्री एमिलिया व्हाशार्योव्हा ही तिची थोरली बहीण. मागदाने ब्रातिस्लाव्हाच्या कोमेन्स्की विद्यापीठातून समाजशास्त्राची पदवी घेतली (१९७१). तत्पूर्वीच ती चित्रपटांतून गाजली होती.

तिच्या कीर्तीचा पाया मार्केटा लाझारोव्हा (१९६७) या चेक चित्रपटाने घातला. फ्रान्टिशेक व्ह्लाचिल याने व्हान्चुराच्या कादंबरीवरून तो काढला. मध्ययुगीन टोळीयुद्धात सापडलेली, मठाला वाहिलेली मार्केटा शत्रुपक्षाकडून पळविली जाते आणि पळविणाऱ्यावरच तिचे मन जडते. भूमिकेत संवाद थोडे. तेही चेक भाषेत असल्याने दुसऱ्या अभिनेत्रीच्या आवाजात. साहजिकच सारा भार नजरेवर व देहबोलीवर पडला. नायिकेची मूर्ती घडविण्याचा मोह दिग्दर्शकाला सर्वत्र आवरलेला नाही. परंतु भयातून हळूहळू आकारणारा निश्चय तिने इतक्या संयमाने दाखविला आहे, की मार्केटा केवळ देखणी बळी ठरत नाही. १९९८ मध्ये चेक समीक्षकांनी या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चेक चित्रपट म्हणून कौल दिला.

युराय याकुबिस्कोच्या व्हताच्कोव्हिया, सिरोती अ ब्लाझ्नी (१९६९, म. शी. ‘पक्षी, पोरके आणि खुळे’) या स्लोव्हाक चित्रपटात तिने अनाथ मार्ताची भूमिका केली. येथे मूर्तीपणाचा मागमूसही नाही. दुर्दैवाने हा चित्रपट सुमारे वीस वर्षे बंदीत राहिला आणि तिची ही बाजू प्रेक्षकांपुढे उशिरा आली. ह्राबालच्या कथेवरील यिर्झी मेन्त्सेलच्या पोस्त्रिझिनी (१९८०, म. शी. ‘केशकर्तन’) मधील मद्यनिर्मितिशाळेच्या व्यवस्थापकाची पत्नी मारिश्का ही तिची सर्वांत लोकप्रिय भूमिका. खाण्यापिण्यात रमणारी, धुराड्यावर चढणारी ही स्त्री तिने कोठेही उच्छृंखल होऊ दिली नाही. अमेरिकन दिग्दर्शक ॲलन पॅकुला याने सोफीज चॉइस (१९८२) साठी तिचा विचार केला होता. ती भूमिका अखेर मेरिल स्ट्रीपने केली.

स्वतःच्या भाषेतील तिची दीर्घ कारकीर्द मात्र रंगभूमीवर, ब्रातिस्लाव्हाच्या नोव्हा स्त्सेना आणि नंतर स्लोव्हाक राष्ट्रीय नाट्यगृहात घडली. नाट्यप्रयोग सीमा ओलांडत नसल्याने परदेशी समीक्षेने तिला चेहऱ्यावरूनच जोखले. हे मूल्यमापन अपुरे होय.

१९८९ च्या सत्तांतरानंतर तिने रंगभूमी सोडली. ऑस्ट्रियात चेकोस्लोव्हाकियाची (१९९०–९३) व पोलंडमध्ये स्लोव्हाकियाची (२०००–०५) राजदूत म्हणून तिने काम केले. १९९९ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत ती तिसऱ्या क्रमांकावर राहिली. २००६ ते २०१६ या काळात ती संसद सदस्य होती.