बालसंगोपन : कुशल व्यवसाय की घरकाम? – एक चिकित्सा

मूल सांभाळणे हे कौशल्य आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. परंतु वेतन, प्रशिक्षण व प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तराशी निगडित असल्याने त्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात बालसंगोपन करणाऱ्या कामगारांचा संकेतांक ५३११ असून त्यांचा कौशल्यस्तर दुसरा आहे. घरातील साफसफाई व मदतनिसाचे काम (९१११) पहिल्या, म्हणजेच सर्वांत खालच्या स्तरावर येते. भारताचे २०१५ चे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणही याच चौकटीवर आधारलेले आहे. म्हणजे कागदोपत्री तरी आया ही मोलकरणीहून वेगळी मानली गेली आहे. मात्र त्याच आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पूर्वप्राथमिक शिक्षिका (२३४२) चौथ्या, सर्वोच्च स्तरावर आहे. चार वर्षांचे मूल दोघींच्याही हाती असते. तरीही एकीच्या कामाला ‘शिक्षण’ व दुसरीच्या कामाला ‘सांभाळ’ म्हटले जाते. हा भेद कामाच्या स्वरूपापेक्षा पदवीवर अधिक विसंबून आहे, असे म्हणावे लागते.

हे काम शिकविता येते, हे एमिली वॉर्ड यांनी १८९२ मध्ये लंडन येथे स्थापन केलेल्या नॉरलंड संस्थेने फ्रोबेलच्या तत्त्वांच्या आधारे सिद्ध केले. परंतु तेथील प्रशिक्षण प्रामुख्याने सुशिक्षित घरांतील तरुणींसाठी होते. कौशल्याला मान्यता मिळाली, ती वर्गभेदासह. याउलट ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे बालशिक्षण ग्रामीण व आदिवासी मुलांच्या अंगणात नेले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडी देशभर पोहोचली. पण सेविकेच्या वाट्याला वेतनाऐवजी ‘मानधन’ आले. तिला उपदानाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये स्पष्ट करावे लागले.

संगोपन हा स्त्रीचा उपजत गुण होय, हा समज या अवमूल्यनाच्या मुळाशी आहे. उपजत गुणाला मोबदला कसला, अशी त्यामागील धारणा दिसते. वस्तुतः तान्ह्या मुलाचे रडणे भुकेचे की दुखण्याचे, हे ओळखणे निरीक्षणाने व सरावानेच साध्य होते. तथापि केवळ प्रमाणपत्रालाच कौशल्य मानल्यास वर्षानुवर्षे मुले वाढविणारी निरक्षर स्त्री पुन्हा ‘अकुशल’च ठरेल. म्हणून अनुभवसिद्ध ज्ञानाचे मूल्यमापन आणि त्यानुसार वेतननिश्चिती या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या, तरच संगोपनाला ‘व्यवसाय’ ही संज्ञा सार्थपणे लावता येईल.