दुधी काचेवरील प्रतिमा : दुभिंगी कॅमेऱ्याच्या आनंदाची मीमांसा

छायाचित्राविषयी लिहिताना समीक्षक बहुधा तयार चित्रापासून आरंभ करतो. ते घेताना छायाचित्रकाराची दृष्टी कोठे होती, त्याच्या हाती कोणते साधन होते, हे प्रश्न तो तंत्रज्ञांकडे सोपवून मोकळा होतो. परंतु जुन्या, मध्यम आकाराच्या फिल्म-कॅमेऱ्याने चित्रे घेण्यात एक विशेष आनंद आहे, असे तो वापरणारे आग्रहाने सांगतात. हा आनंद केवळ गतकाळाविषयीच्या ओढीचा आहे, की कलाविचाराच्या दृष्टीने त्यात काही ग्राह्य अंश आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उदाहरणादाखल रोलायफ्लेक्स हा कॅमेरा घेऊ. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील फ्रांके आणि हायडेके ह्या कारखान्याने तो १९२९ साली बाजारात आणला. त्याच्या पेटीवर एकाखाली एक अशी दोन भिंगे असतात. खालच्या भिंगातून फिल्मवर प्रकाश पडतो. वरच्या भिंगातून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसविलेल्या आरशावरून परावृत्त होऊन माथ्यावरील दुधी काचेवर प्रतिमा उमटवितो. कॅमेरा पोटाशी धरून आणि मान खाली घालून ती पाहावयाची असते. १२० क्रमांकाच्या एका रोलवर सुमारे ५६ मिलिमीटर बाजूची १२ चौरस चित्रे येतात. ३५ मिलिमीटर फिल्मवरील २४ × ३६ मिलिमीटरच्या चौकटीच्या मानाने हे क्षेत्रफळ साडेतीन पटींहून अधिक भरते.

निगेटिव्ह मोठी असल्याने छापील चित्रात फिल्मचे कण कमी जाणवतात आणि काळ्या-पांढऱ्यामधील छटा अधिक सलगपणे उतरतात. हा लाभ खरा आहे. पण तो फळाचा लाभ होय, कृतीचा आनंद नव्हे. कृतीच्या आनंदाचे स्थान दुधी काच हे आहे. डोळ्याला लावण्याच्या साध्या खिडकीतून आपण जग पाहतो; दुधी काचेवर आपण जगाची प्रतिमा पाहतो. ती सपाट असते, चौकटीत बांधलेली असते, आणि डावी-उजवी उलटी असते. उजवीकडे चाललेला माणूस काचेवर डावीकडे जातो, आणि त्याला चौकटीत ठेवण्यासाठी मनाला वाटते त्याच्या विरुद्ध दिशेस कॅमेरा फिरवावा लागतो. ह्या विपर्ययामुळे परिचित दृश्याचा परिचितपणा क्षणभर सुटतो आणि आकार, छाया व त्यांचे परस्परसंबंध पुढे येतात. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात संवाद, विरोध व समतोल ही लयतत्त्वे मांडली. त्यांचा प्रत्यय येथे दृश्याच्या लौकिक अर्थाच्या आधी येतो, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र साधनामुळे पाहण्याला शिस्त लागते म्हणून साधनच दृष्टी देते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ह्याची साक्ष दोन अमेरिकन स्त्रियांच्या कामात मिळते. डीअॅन आर्बस (१९२३–१९७१) हिने १९६२ च्या सुमारास ३५ मिलिमीटरचा कॅमेरा बाजूस ठेवून रोलायफ्लेक्स स्वीकारला. कणांच्या धूसरतेपेक्षा तिला वस्तूचे स्पष्ट रूप हवे होते. तिच्या चित्रांतील माणसे बहुधा चौकटीच्या मध्यभागी, कॅमेऱ्याकडे सरळ पाहत उभी असतात. व्हिव्हियन मायर (१९२६–२००९) ही मुले सांभाळण्याची नोकरी करीत न्यूयॉर्क व शिकागोच्या रस्त्यांवर चित्रे घेत असे. खाली झुकलेली मान तिला पुष्कळदा अलक्षित राहण्यास उपयोगी पडली. शिवाय हा कॅमेरा चेहऱ्यावर येत नसल्यामुळे आरशांतील व दुकानांच्या काचांतील तिच्या आत्मचित्रांत मुखमुद्रा झाकली जात नाही. साधन एकाच जातीचे असूनही एकीची माणसे पाहिली जात असल्याचे जाणतात आणि दुसरीची पुष्कळदा जाणत नाहीत.

खरा प्रश्न ह्यापुढचा आहे. मायरच्या मृत्यूनंतर न धुतलेले शेकडो रोल तिच्या संग्रहात आढळले. त्यांवरील चित्रे तिने कधीच पाहिली नाहीत. तेव्हा तिचा आनंद दुधी काचेवरच पुरा होत होता, आणि तोच तिच्या कलेचा गाभा होय, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पुढे ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांकडे व रंगीत फिल्मकडे वळल्यावरही तिचे रोल न धुतलेले राहिले. तेव्हा सारे श्रेय दुधी काचेला देता येत नाही. पैसा, जागा, सवड ह्या व्यावहारिक अडचणीही समीक्षकाने विसरू नयेत.

ह्याच्या उलट बाजूस आर्बसचे खेळण्यातील हातबॉम्ब धरलेल्या मुलाचे १९६२ चे प्रसिद्ध चित्र आहे. त्याच रोलवरील इतर चौकटी उपलब्ध आहेत. त्यांत तो मुलगा हसरा, खेळकर, सामान्य दिसतो. निवडलेल्या एकाच चौकटीत त्याचा हात आखडलेला आणि चेहरा ताणलेला आहे. त्या रोलमधून एक चौकट उचलणे हाच तेथे निर्मितीचा निर्णायक क्षण होय. कॅमेऱ्याने दिलेला आनंद तेथे संपला आणि कलावंताची जबाबदारी सुरू झाली.

तेव्हा दुधी काचेवरचा आनंद हा केवळ स्मरणरंजनाचा नव्हे. जगाकडे प्रतिमा म्हणून पाहण्याचा तो अस्सल सौंदर्यानुभव आहे, इतके मान्य करावे लागते. पण अनुभव म्हणजे कृती नव्हे. रोलवर १२ च चौकटी असल्याने पहिली निवड शटर दाबण्यापूर्वी होते; दुसरी निवड रोल धुतल्यावर करावयाची असते. मायरच्या बाबतीत ही दुसरी निवड बव्हंशी इतरांनी, तिच्या निगेटिव्ह २००७ साली शिकागोच्या लिलावात विकल्या गेल्यानंतर, केलेली आहे. आज तिच्या नावाने जे ग्रंथ व प्रदर्शने आपणांसमोर येतात, त्यांतील पाहणे तिचे असले तरी निवड पुष्कळशी परक्यांची आहे. तिच्या कलेचे मूल्यमापन करणाऱ्याने हा भेद प्रथम नोंदविला पाहिजे. अन्यथा संग्राहकांच्या अभिरुचीची स्तुती तो छायाचित्रकाराच्या खाती जमा करील.