प्रहसनातील वऱ्हाडी

झी मराठीवर २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’ या प्रहसनमालेने अमरावतीकडील नट श्री. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी घरोघर पोचविली. मात्र ‘कायले’, ‘करून राहिलो’ ही रूपे म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे. ‘ला’च्या जागी येणारा ‘ले’ हा त्या बोलीचा नियमित विभक्तिप्रत्यय होय. (लीळाचरित्र ज्या रिद्धपुरात सिद्ध झाले, ते अमरावती जिल्ह्यातलेच.) संहिता जेथे केवळ अशा रूपांवर हशा मागते, तेथे विनोदाचा उपहास होतो. गणेशपुऱ्यांचे सामर्थ्य निराळे आहे. त्यांचा सरपंच भोवती गोंधळ माजला तरी सहसा आवाज चढवीत नाही. ओसरीवर बसल्यासारखा सावकाश वाक्य पुरे करतो. हशा येतो तो या संथपणातून. नागपूरच्या प्रेक्षकाला हा भेद चटकन उमगतो. ‘बे’ त्याच्या कानाला मुळीच हास्यास्पद नाही.