भिंतीवरचं वाण आणि बांधावरचं वाण

मे महिना लागला की बुलढाणा जिल्ह्यातल्या गावांच्या भिंतींवर कपाशीची बोंडं फुटतात. कृषी केंद्रांवर कापडी फलक चढतात, ऑटोवर भोंगा बांधून वाणांचा पुकारा सुरू होतो. बोंड टपोरं, वेचणी सोपी, उतारा भरघोस. नावं झाकली तर कोणती जाहिरात कोणाची, हे कंपनीच्या माणसालाही सांगता येऊ नये. एवढा रंग खर्चून इतकं सारखं बोलणं हाच या कलेचा पहिला दोष.

याच मुलखात सोयाबीनचं जेएस ३३५ हे वाण वर्षानुवर्षं पेरलं गेलं. ते जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं. त्याच्यासाठी ना नट आला, ना भोंगा फिरला. शेजाऱ्याच्या खळ्यावर पोती मोजली गेली आणि बियाणं हातोहात पसरलं, कारण सोयाबीनचं बियाणं घरी राखून पुढच्या साली पेरता येतं. संकरित कपाशीला ती सोय नाही. दरवर्षी पाकीट विकत घ्यावंच लागतं. भिंती सोयाबीनपेक्षा कपाशीनेच का भरतात, याचं बरंचसं उत्तर इथं आहे.

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि महिको-मोन्सॅन्टोने प्रचारासाठी नाना पाटेकरांना पुढे केलं. निवड अचूक होती. रोखठोक बोलणारा नट खेड्याला आपला वाटतो. तरी बीटी पसरली ती नटामुळे नव्हे. पुढच्या काही हंगामांत अळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, हे लोकांनी शेजारच्या वावरात पाहिलं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली, तेही वावरातच पाहिलं.

याच कंपनीच्या २०११ च्या एका जाहिरातीचा मासला वेगळा. बीटी कपाशीमुळे शेतकऱ्यांचं उत्पन्न ३१,५०० कोटी रुपयांहून अधिक वाढलं, असा दावा तिने इंग्रजी दैनिकात केला. जाहिरातींच्या मानक परिषदेने २०१२ मध्ये तो सिद्ध होत नसल्याचं ठरवलं. पण इंग्रजी दैनिकातली ती जाहिरात बुलढाण्यातल्या मोताळ्याच्या शेतकऱ्याने वाचावी म्हणून नव्हतीच. ती धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलासाठी होती. मोहीम साधली की फसली हे विचारण्याआधी ती कोणासाठी काढली होती हे विचारायला हवं, आणि आपली जाहिरात-समीक्षा तिथेच कच्ची आहे.

मोताळा तालुक्यानेच दुसरं टोक दाखवलं. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेत २०१८ साली या तालुक्यातल्या सिंदखेड गावाने साताऱ्याच्या भांडवलीसोबत दुसरा क्रमांक मिळवला. आमिर खानचा चेहरा होता, टीव्हीवरचा कार्यक्रम होता, पण त्याआधी गावातल्या माणसांना प्रशिक्षण दिलं होतं. ४५ दिवस, हातात फावडं, शेजारच्या गावाशी स्पर्धा, आणि चर खोदला की डोळ्यांपुढे चर दिसतो. नुसतं 'पाणी वाचवा' लिहून हे झालं नसतं.

आणि आता सरकारी मोहिमेचं. बोंडअळीनंतर कृषी विभाग सांगत आला, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही झाडं राखून केलेली जादा वेचणी, घेऊ नका, पऱ्हाटी वेळेत उपटा. सल्ला शास्त्राला धरून आहे. अळीची साखळी तुटते ती अशीच. पण २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. तेव्हा झाडावर चार बोंडं असताना पऱ्हाटी उपटायला कोणाचा हात धजेल? एकट्याने उपटून भागत नाही, शेजाऱ्याची उभी राहिली तर अळी तिथून येतेच. भित्तिपत्रक एकेकट्या शेतकऱ्याशी बोलतं आणि काम मात्र सगळ्या शिवाराचं मागतं. वॉटर कपसारखी गावाची पैज लावली असती, तर वेगळं घडण्याला वाव होता.

डोळ्यांनी पाहिलेलंच पटतं, हे कंपन्या सरकारपेक्षा लवकर शिकल्या. पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्यांना गाडीत घालून चांगल्या प्लॉटवर नेणं आणि बोंडं मोजायला लावणं, ही माझ्या मते आजची सर्वांत प्रभावी जाहिरात. सर्वांत धूर्तही तीच. तिथे खोटं काहीच नसतं. प्लॉट फक्त भारी काळ्या जमिनीतला आणि ओलिताचा निवडलेला असतो. पाहायला येणाऱ्यांत मात्र कोरडवाहूवालेच जास्त. यंदा कोणी पीक पाहणीला बोलावलं तर जरूर जा. फक्त बोंडं मोजण्याआधी विहीर कुठं आहे ते विचारा.