जीडीबीतील ब्रेकपॉइंटचे व्यवस्थापन : एक टीकात्मक टिपण

विद्यार्थी मित्रहो, प्रॅक्टिकलला मी नेहमी पाहतो. प्रोग्राम क्रॅश झाला की तुम्ही आठ-दहा ओळींवर ब्रेकपॉइंट लावता, 'कंटिन्यू' दाबत बसता आणि कंटाळून पुन्हा प्रिंटएफकडे वळता. यात दोष तुमचा आहे, पण निम्माच. 'ब्रेक', 'रन', 'नेक्स्ट', 'प्रिंट' एवढ्यावरच आम्ही शिक्षक जीडीबी संपवतो.

जीडीबीची खरी ताकद मोजणीत आहे. समजा, लिंक्ड लिस्टमधून नोड काढणारे फंक्शन अनेकदा चालते आणि त्यातल्या एका वेळी क्रॅश होते. कितव्या वेळी, हे माहीत नाही. त्या फंक्शनवर एकच ब्रेकपॉइंट लावा. 'इग्नोर १ १००००००' द्या, म्हणजे क्रमांक १चा ब्रेकपॉइंट दहा लाख वेळा दुर्लक्षिला जाईल. आता 'रन' करा. क्रॅश झाल्यावर 'इन्फो ब्रेकपॉइंट्स' विचारा. तिथे ५८ हा आकडा दिसला, तर 'इग्नोर १ ५७' देऊन पुन्हा 'रन' करा. तुम्ही नेमके त्या घातक कॉलच्या दारात उभे असता! इनपुट दर वेळी तेच हवे, एवढीच अट.

अटीच्या ब्रेकपॉइंटबद्दल मात्र माझी तक्रार आहे. 'अट खरी होईपर्यंत प्रोग्राम थांबत नाही' असे तुम्हाला वाटते, आणि जीडीबी तो गैरसमज दूर करत नाही. एक्स८६ प्रोसेसरवर साधा ब्रेकपॉइंट म्हणजे मूळ इन्स्ट्रक्शनच्या पहिल्या बाइटच्या जागी लिहिलेली 'इंट ३' ही एका बाइटची इन्स्ट्रक्शन. प्रोग्राम तिथे आला की दर वेळी थांबतो, ताबा जीडीबीकडे जातो, अट तपासली जाते, खोटी असेल तर प्रोग्राम पुढे सोडला जातो. लूप दहा लाख वेळा फिरत असेल, तर हा सगळा खटाटोप दहा लाख वेळा. तुम्हाला वाटते, मशीन हँग झाले. अशा वेळी तीच अट तात्पुरती सी कोडमध्ये 'इफ' म्हणून लिहा आणि आतल्या ओळीवर साधा ब्रेकपॉइंट लावा. दिसायला ओबडधोबड, पण कितीतरी वेगवान.

दुसरी खोट ओळ-क्रमांकांची. ४२व्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला, वर तीन ओळी वाढवल्या, पुन्हा कंपाइल केले. ब्रेकपॉइंट ४२वरच राहतो, तुमचे विधान ४५वर गेलेले असते. म्हणून शक्यतो फंक्शनच्या नावावर लावा.

नको असलेला ब्रेकपॉइंट 'डिलीट' करण्याची घाई नको, 'डिसेबल' करा. अट आणि क्रमांक शाबूत राहतात. जीडीबीतून बाहेर पडलात की मात्र सगळे पुसले जाते, आणि ते आपणहून जपून ठेवण्याची सोय मूळ मांडणीत नाही. 'सेव्ह ब्रेकपॉइंट्स' आणि पुढे फाइलचे नाव द्या. दुसऱ्या दिवशी ती फाइल 'सोर्स'ने परत वाचता येते.