भाव कोणी ठरवायचा?

दिवाळीच्या सुटीत अनेक घरांतून ‘व्यापार’चा पट माळ्यावरून खाली येतो. दुपारची जेवणे आटोपली की मुले सतरंजीवर गोल बसतात, बँक सांभाळायला कुणी तरी मोठे माणूस धरून आणले जाते, आणि तासाभरात एकाच्या मांडीखाली नोटांची चळत व दुसऱ्याच्या डोळ्यांत पाणी असा देखावा दिसू लागतो. हा खेळ ज्याच्यावरून आला तो ‘मोनॉपली’ १९३५ साली अमेरिकेतील पार्कर ब्रदर्स या कंपनीने बाजारात आणला. त्याचेही मूळ एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली पेटंट घेतलेल्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे. जमीनदारीतून दारिद्र्य कसे उपजते हे लोकांना खेळता खेळता कळावे, असा त्या बाईंचा हेतू होता. लोकांनी त्यातून जमीनदार होण्याची मजा तेवढी उचलली.

या पटावर एक गोष्ट कधी बदलत नाही. मुंबईचा भाव पटावर छापलेला असतो. सगळ्यांना मुंबईच हवी असली तरी तो चढत नाही, आणि कुणालाच नको असली तरी उतरत नाही. खेळाचे नाव व्यापार. पण व्यापाऱ्याचे जे मुख्य काम, म्हणजे भाव जोखणे, ते खेळ तयार करणाऱ्याने आधीच करून ठेवलेले असते.

मग एकही भाव न छापता असा खेळ रचता येईल का? संगणकावरच्या, इंटरनेटवरून हजारो माणसांनी एकदम खेळायच्या खेळांत हा प्रश्न गेली पंचवीसतीस वर्षे पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. त्याला मिळालेल्या उत्तरांपैकी सर्वांत धीट उत्तर म्हणजे आइसलंडमधील रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने मे २००३मध्ये सुरू केलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ. या लेखात मी त्याच्या बाजाराचे परीक्षण करणार आहे.

साहित्याच्या अंकात हे कशाला, असे कुणी विचारील. मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही. अर्थशास्त्राची परिभाषा मला परकी आहे. परंतु कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला या खेळातला मुख्य प्रश्न फार ओळखीचा वाटतो. आपण एक जग उभे करतो, त्यात माणसे सोडतो. मग त्यांच्या व्यवहारात आपण किती हात घालायचा? कादंबरीकाराची पात्रे निदान कागदावरची असतात. या खेळाच्या रचनाकाराची पात्रे जिवंत आहेत, आणि त्यांतली बरीचशी त्याच्यापेक्षा हुशार आहेत.

खेळ अवकाशातला आहे. सात हजारांहून अधिक तारामंडले, त्यांना जोडणाऱ्या वाटा, आणि चीनमधले खेळाडू वगळले तर सगळ्या जगातल्या खेळाडूंना मिळून हे एकच अवकाश. कुणी खनिज खणतो, कुणी आराखडे घेऊन त्या खनिजाची जहाजे बांधतो, कुणी माल वाहतो, कुणी लुटतो, कुणी राज्य स्थापून लढाया करतो. येथील जवळजवळ प्रत्येक जहाज आणि त्यावरची तोफ कुणा ना कुणा खेळाडूने बांधलेली असते. चलनाचे नाव इस्क. आइसलंडच्या खऱ्या क्रोनाची आद्याक्षरे तीच आहेत.

भाव ठरवायचे नाहीत असे म्हणणे सोपे आहे, तसे वागणे अवघड. सुरुवातीच्या वर्षांत खेळातल्या सरकारी दुकानांतून एक छोटी नाव ठरावीक किमतीला मिळत असे. ही नाव मोडली की ट्रिटॅनियम नावाचे खनिज हाती येई. हे खनिज या जगातले लोखंड म्हणावे. त्याच्यावाचून काहीच बनत नाही. झाले असे की ट्रिटॅनियम महागू लागले की लोक नावा विकत घेऊन मोडू लागत, आणि भाव त्याच्यापुढे चढत नसे. कुणी न छापता तिथे एक भाव छापला गेला होता! पुढे कंपनीने नावांची ती विक्री बंद केली आणि ट्रिटॅनियमचा भाव मोकळा झाला. रचनाकाराचा हात असा नको तिथे विसरून राहतो.

भाव सोडून दिल्यावर रचनाकाराकडे काय उरते? माझ्या मते तीन गोष्टी उरतात: अंतर, नाश आणि पैशाचा ओघ. ‘ईव्ह’चे खरे कौशल्य या तिहींत आहे.

अंतराचे पाहू. या खेळात माल जिथे आहे तिथेच असतो. दूरच्या मंडलात जहाज स्वस्त मिळाले तर ते आणायला जावे लागते, आणि वाटेत लुटारू असतात. म्हणूनच दोन ठिकाणच्या भावांत फरक पडतो आणि व्यापाऱ्याला पोट भरायला जागा मिळते. प्रारंभी मोठा बाजार युलाई नावाच्या मंडलात भरे, कारण लांब पल्ल्याच्या वाटा तिथे येऊन मिळत. त्या वाटा काढून टाकल्यावर बाजार तिथून उठला आणि पुढे जिता येथे जमला. जिताला पेठ करण्याचा हुकूम कंपनीने काढला नव्हता. रस्ता हलला की पेठ हलते, हे आपल्याकडे घाटाखालच्या कितीतरी गावांनी अनुभवले आहे.

अंतर पुसून टाकले तर काय होते, हे ‘डायाब्लो ३’ या दुसऱ्या प्रसिद्ध खेळाने दाखवले. ब्लिझर्ड कंपनीने २०१२ साली त्यात लिलावघर घातले. जगभरचा माल एका यादीत, एका बोटाच्या टिचकीवर. पुढे खऱ्या पैशानेही खरेदीची सोय. राक्षस मारून चांगली तलवार मिळवावी हा त्या खेळाचा प्राण. पण ती यादीतून क्षणात विकत मिळू लागल्यावर राक्षस मारायचे कशाला? कंपनीने १८ मार्च २०१४ रोजी ते लिलावघर बंद केले. तिथला बाजार फार सोयीचा होता, आणि त्या सोयीने खेळालाच पोकळ केले.

दुसरी गोष्ट नाश. ‘ईव्ह’मध्ये फुटलेले जहाज परत येत नाही. त्यातला काही माल जिंकणाऱ्याच्या हाती लागतो, बाकीचा कायमचा जातो. नवख्याला हे क्रूर वाटते. पण सुताराचा धंदा चालायचा तर खुर्च्या मोडल्या पाहिजेत. १९९७ साली सुरू झालेल्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाने निराळा प्रयोग केला होता. जगातल्या एकूण द्रव्याचे माप ठरवून टाकले. जुने संपावे, त्याचेच नवे उगवावे अशी योजना होती. माणसांनी काय केले? मिळेल ते घरात साठवले. कोठारे भरली आणि बाहेर नवे काही उगवेना. शेवटी ती योजना सोडावी लागली. माणूस जपून ठेवणारा प्राणी आहे, हे कुठल्याही आजीच्या फडताळात डोकावले असते तरी समजले असते.

तिसरी गोष्ट पैशाची. घरात जसे नळ आणि मोरी, तसे या खेळातही आहे. लुटारूंना मारल्याचे इनाम सरकारी खजिन्यातून मिळते, तो नळ. विक्रीवरचा कर आणि दलाली ही मोरी. तिथून गेलेला पैसा कुणाच्याच खिशात जात नाही. नळ मोठा आणि मोरी तुंबलेली असली की घरभर पाणी होते, म्हणजे महागाई. ‘व्यापार’च्या पटावर दर फेरीला बँक पैसे देत राहते आणि शेवटी नोटांना किंमत उरत नाही, ते याच कारणाने. हा ओघ मोजण्यासाठी सीसीपीने २००७ साली एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थशास्त्रज्ञाला चक्क नोकरीवर ठेवले. पुढे २०१४ साली ते आइसलंडमधील अकुरेरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. काल्पनिक राज्याच्या खजिन्यावरून विद्यापीठाच्या खुर्चीवर जाणारे तसे थोडेच.

इथपर्यंत माझी केवळ प्रशंसा आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय उभे राहते याचा दाखला म्हणजे २७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेली लढाई. एका पक्षाकडून आपल्या मंडलाचे ठरलेले देणे वेळेवर भरले गेले नाही. तेवढ्यावरून जी चकमक जुंपली ती सुमारे एकवीस तास चालली, आणि तीत टायटन या सर्वांत अवाढव्य जातीची ७५ जहाजे फुटली. असे एक जहाज बांधायला कित्येक माणसांचे महिनोन् महिने लागत. एका न भरलेल्या बिलातून महायुद्ध निघते, ही कल्पना मी कादंबरीत वापरली असती तर संपादकांनी ती न पटणारी म्हणून परत केली असती.

वर्तमानपत्रांनी मात्र या नाशाची किंमत डॉलरमध्ये सांगितली: सुमारे तीन लाख. इथे माझी पहिली तक्रार सुरू होते. २००८ सालापासून कंपनी खऱ्या पैशाने एक परवाना विकते. तो घेणारा खेळाडू खेळातल्या बाजारात इस्क घेऊन दुसऱ्याला विकतो, आणि दुसरा त्यावर फुकट खेळतो. हिशेबाच्या दृष्टीने ही युक्ती निर्दोष आहे. एकही नवा इस्क त्यातून जन्मत नाही, फक्त एका खिशातून दुसऱ्यात जातो. चोरटा व्यापारही त्यामुळे आटोक्यात राहतो. परंतु त्या दिवसापासून खेळातल्या प्रत्येक वस्तूवर बाहेरच्या नाण्याचा एक अदृश्य भाव चिकटला. ज्याने महिनाभर खाणीत घाम गाळून जहाज बांधले आणि ज्याने पगारातून एका संध्याकाळी घेतले, त्यांची जहाजे सारखीच फुटतात. पण त्यांचे दुःख सारखे असेल असे मला वाटत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, आणि ती विश्वासाची आहे. ‘ईव्ह’मध्ये फसवणूक नियमबाह्य नाही. सुरक्षित मंडलांत हल्ला करणाऱ्याचे जहाज पोलीस फोडतात, पण गोड बोलून लुबाडणाऱ्याला कुणी हात लावत नाही. खेळाडूंनी आपापसांत ईबँक नावाची पेढी काढली होती. हजारो जणांनी तीत ठेवी ठेवल्या. २००९ साली तिच्या प्रमुखानेच सुमारे २०० अब्ज इस्क काढून घेतले आणि बाहेर खऱ्या पैशाला विकले. कंपनीने त्याला खेळातून घालवले; पण कशासाठी? इस्क बाहेर विकल्याबद्दल. ठेवी बुडवणे हा तिथल्या कायद्याने गुन्हाच नव्हता.

यावर खेळाचे अभिमानी म्हणतात की स्वातंत्र्य द्यायचे तर ते लबाडालाही द्यावे लागते. मला हे म्हणणे अर्धे पटते. चोरी अशक्य असलेल्या जगात प्रामाणिकपणालाही काही अर्थ राहत नाही. सगळीच पात्रे बांधून ठेवली तर गोष्ट कसली? पण याच खेळात त्याचे उरलेले अर्धे उत्तर पडून आहे. माल दुसऱ्याकडून पोचवून घ्यायचा असेल तर वाहणाऱ्याकडून आधी अनामत रक्कम घेण्याची सोय रचनाकारांनी केली आहे. माल पोचला की अनामत परत. पळवला तर ती मालकाची. एवढ्या एका साध्या कलमाच्या जोरावर एकमेकांची तोंडेही न पाहिलेली माणसे रोज परस्परांचा किमती माल वाहून नेतात. त्यांना कुणी सज्जन व्हायला सांगितले नाही, फक्त शब्द पाळणे परवडेल अशी तजवीज केली. ठेवीदाराच्या हाती असे काहीच नव्हते. त्याच्याजवळ होता तो केवळ समोरच्याचा शब्द. लबाडाला सारी हत्यारे आणि भल्या माणसाला एकच, अशा रचनेला मी स्वातंत्र्याची रचना म्हणणार नाही. तो रचनाकाराचा आळस आहे.

हात आखडता घेतल्याने जसे बिघडते तसे तो जास्त घातल्यानेही बिघडते. २०२० साली कंपनीने, जगात संपत्ती फार झाली या विचाराने, खनिजांचे साठे जाणूनबुजून कमी केले. टंचाईने बाजारात चुरस येईल अशी अपेक्षा होती. मोठी जहाजे भलतीच महाग झाली. आणि जे जहाज पुन्हा बांधता येणार नाही ते लढाईत कोण घालील? लोक ती गोदीत झाकून ठेवू लागले. नाश स्वस्त असला की त्याची भीती नाही आणि फार महाग असला की साहस नाही. या दोहोंमधली जागा हिशेबाने पूर्णपणे सापडत नाही. स्वयंपाकात मिठाचा अंदाज जसा हाताला येतो, तसाच तो यावा लागतो.

एवढे दोष सांगूनही ‘ईव्ह’ला मी मोठी कृती मानते. आपल्या निर्मितीतल्या माणसांना स्वतःचे भाव स्वतः ठरवू देणे हे धैर्य फार थोड्या रचनाकारांत असते, आणि कादंबरीकारांतही फार थोड्यांत. पुढे जे कुणी असा खेळ रचतील, आणि त्यांत आपली मराठी मुलेही असतील, त्यांनी भाव खुशाल लोकांवर सोडावेत. मात्र ज्याला शब्द पाळायचा आहे त्याच्या हाती अनामतीचे ते साधे कलम द्यायला विसरू नये.